आघात आणि आस : तंतुवाद्यांचे संगीत आघातवाद्यांवर

१. विषयाची मांडणी

१९५५ साली मुंबईत भरलेल्या हरिदास संगीत संमेलनात जम्मूहून आलेल्या सतरा वर्षांच्या एका तरुणाने संतूर हे वाद्य रागसंगीताच्या मैफलीत सादर केले. हा तरुण म्हणजे पुढे विख्यात झालेले पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२). श्रोत्यांना वाद्याचा नाद आवडला. जाणकारांनी मात्र आक्षेप घेतला. या वाद्यावर मींड निघत नाही, गमक निघत नाही, स्वर लांबवता येत नाही. मग आलाप करावयाचा कसा, आणि आलापावाचून राग उभा राहावयाचा कसा, असा तो आक्षेप होता. वरवर पाहता तो एका वाद्यापुरता दिसतो. वस्तुतः त्यात एक व्यापक प्रश्न दडलेला आहे. तंतुवाद्यावर वाढलेले संगीत ज्या वाद्यावर केवळ आघात करता येतो अशा वाद्यावर नेले असता त्यातले काय टिकते आणि काय गळते?

हा प्रश्न केवळ हिंदुस्थानी संगीताचा नाही. युरोप, अमेरिका व जपान येथे मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर बाखच्या व्हायोलिन व चेलोसाठी लिहिलेल्या रचना वाजवण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. तेथेही ‘हे व्हायोलिनचे संगीत लाकडावर शोभेल काय’ असा वाद झालाच. तथापि तेथील अडचण आणि येथील अडचण एकाच जातीची नाही. हा भेद नीट उलगडल्याखेरीज जलतरंग, काष्ठतरंग, पेटी व संतूर यांचा महाराष्ट्रातील इतिहासही नीट समजत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेऊन हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

२. उजवा हात आणि डावा हात

सतार किंवा सरोद वाजवणाऱ्याच्या दोन हातांची कामे अगदी वेगळी असतात. उजवा हात तारेवर आघात करतो. नखी किंवा जवा यांनी निघणाऱ्या या आघातांना ‘दा’, ‘रा’, ‘दिर’ असे बोल आहेत आणि त्यांच्या ठराविक रचनेतूनच गत सिद्ध होते. मसीतखानी व रजाखानी हे गतींचे दोन प्रमुख प्रकार मुख्यतः उजव्या हाताच्या बोलांच्या मांडणीवरून ओळखले जातात. डावा हात आघात झाल्यानंतर कामाला लागतो. सतारीवर तो तार पडद्यावर आडवी ओढतो. सरोदाच्या पोलादी पट्टीवर तो तारेवरून घसरत जातो. मींड, घसीट, आंदोलन ही सर्व त्याची कामे होत.

डाव्या हाताचे हे काम एका गोष्टीवर अवलंबून असते. आघात झाल्यावर तार काही काळ वाजत राहिली पाहिजे. या उरलेल्या नादाला संगीतात ‘आस’ म्हणतात. मराठीत हा शब्द इच्छा या अर्थीही वापरला जातो. दोन शब्दांचे मूळ एक असो वा नसो, मैफलीत बसलेल्या श्रोत्याला दोन्ही अर्थ जवळचे वाटतात. कारण आस आहे तोवर पुढच्या स्वराची ओढ असते. आस सरली की डाव्या हाताला ओढावयास काही उरत नाही.

यावरून आघातवाद्यांची अडचण दोन भागांत मांडता येते. पहिली अडचण काळाची आहे : स्वर लवकर विझतो. दुसरी अडचण मार्गाची आहे : एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे अखंड जाता येत नाही, उडी घ्यावी लागते. जलतरंगाच्या वाटीला, काष्ठतरंगाच्या पट्टीला किंवा संतूरच्या तारेला आघात करणारे दोन्ही हात उजवे हातच असतात. डावा हात त्या वाद्यांना जन्मतःच नाही. म्हणून तंतुवाद्यांचे संगीत आघातवाद्यावर नेताना गत, तोडे, झाला हा भाग फारसा न बिघडता जातो. आलापाचा भाग मात्र जागच्या जागी अडून राहतो. हे विधान पुढील इतिहासात वारंवार पडताळून पाहता येईल.

इंद्रायणीकाठी देहू व आळंदी यांच्या दरम्यान असलेल्या मोशीसारख्या गावांत हरिनाम सप्ताहात खांद्यावर वागवली जाणारी वीणा या दृष्टीने उद्बोधक आहे. ती तंतुवाद्य खरी. परंतु वीणेकरी तिच्या मोकळ्या तारा छेडतो, तारेवर स्वर ओढीत नाही. तिचे काम अखंड आधारस्वर देण्याचे आहे. म्हणजे तंतुवाद्य हातात असले म्हणून डाव्या हाताचे संगीत आपोआप येते असे नाही. वाद्याची जात आणि त्यावरील संगीताची जात या दोन निराळ्या बाबी आहेत.

३. ‘तरंग’ या नावाची वाद्ये

भरताने नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग सांगितले. त्यांपैकी घनवाद्यांचे, म्हणजे झांजा, टाळ, घंटा यांसारख्या वाद्यांचे काम परंपरेने लयीचे मानले गेले. स्वरांचे काम त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने ‘तरंग’ या नावाच्या वाद्यांमुळे.

जलतरंगाचे प्राचीनत्व सांगताना वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतील ‘उदकवाद्य’ या कलेचा हवाला वारंवार दिला जातो. तो सावधपणे घेतला पाहिजे. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत या कलेचा अर्थ पाण्यावर मृदंगासारखे वादन करणे असा केला आहे. पाण्याच्या वाट्यांचा तेथे संबंध नाही. केवळ नावात पाणी आहे म्हणून वाद्य एकच ठरत नाही. सतराव्या शतकातील अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ या ग्रंथापासून मात्र जलतरंगाचा निर्देश घनवाद्य म्हणून मिळतो. जयपूरचे सवाई प्रतापसिंह यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘संगीतसार’ या ग्रंथात बावीस वाट्यांचे जलतरंग पूर्ण व पंधरा वाट्यांचे मध्यम असे सांगितले आहे. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुणे गायन समाजाने छापून प्रसिद्ध केला. १८७४ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे तो महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या हाती आला.

भाषेच्या दृष्टीने ‘तरंग’ हा शब्द येथे विशेष लक्षणीय आहे. ‘जलतरंग’ या समासात त्याचा मूळचा ‘लाट’ हा अर्थ शिल्लक आहे. वाटीतील पाणी खरोखरच हलते. परंतु पुढे ‘काष्ठतरंग’, ‘नलतरंग’, ‘तबलातरंग’ हे शब्द झाले. लाकडाला, नळीला किंवा तबल्याला लाट नाही. या शब्दांत ‘तरंग’ हे पद जवळजवळ प्रत्ययासारखे झाले असून त्याचा अर्थ ‘एकाच जातीच्या, चढत्या स्वरांच्या वस्तूंची मांडणी’ असा बनला आहे. योगायोग असा की ‘मरिंबा’ या शब्दाची रचनाही अशीच आहे. तो आफ्रिकेतील बांटू कुलातील भाषांतून आला असून त्यातील ‘मा’ हा अनेकत्वाचा उपसर्ग आहे. ‘रिंबा’ म्हणजे वाजवावयाची एक पट्टी. पट्ट्यांचा समूह तो मरिंबा. दोन दूरच्या भाषांनी या वाद्यांकडे पाहताना एकच गोष्ट टिपली : येथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र वस्तू आहे. सतारीची एकच तार अनेक स्वर बोलते. तरंगाची एक वाटी किंवा पट्टी एकच स्वर बोलते.

जलतरंगात वाटीत पाणी अधिक घातले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. त्यामुळे रागाप्रमाणे स्वर मिळवता येतात. शिवाय काठीने किंवा बोटाने पाण्याला स्पर्श करून स्वर किंचित हलवता येतो व मींडेचा आभास निर्माण होतो. पुण्याचे जलतरंगवादक मिलिंद तुळाणकर यांच्यासारख्या कलावंतांनी हे वाद्य आजही मैफलीत टिकवले आहे. तथापि आभास हा आभासच. पाण्याने मिळणारी ओढ थोड्या अंतराची असते, आणि वाटीचा नाद विझण्यापूर्वी ती साधावी लागते.

काष्ठतरंगाची स्थिती याहून बिकट आहे. तारेच्या कंपनातील उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणात असतात. दोन्ही बाजूंनी मोकळ्या पट्टीचे तसे नसते. एकसारख्या जाडीच्या पट्टीचा दुसरा कंप मूळ कंपाच्या सुमारे २·७६ पट व तिसरा सुमारे ५·४० पट असतो. त्यामुळे साध्या लाकडी पट्टीचा नाद कोरडा व बोथट वाटतो आणि त्वरित विझतो. स्वरांची लांबी ठरवण्याचा नियमही वेगळा आहे. तार अर्धी केली की स्वर एक सप्तक चढतो. पट्टी अर्धी केली तर दोन सप्तके चढतो. या कारणांनी काष्ठतरंगाला मैफलीत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. वाद्यवृंदात आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात या जातीच्या वाद्यांना स्थान मिळाले ते रंग भरण्यासाठी. केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) यांच्यासारख्या वादकांनी व्हायब्राफोन, ग्लॉकेनश्पील ही पाश्चात्त्य पट्टीवाद्ये तेथे कौशल्याने वाजवली. परंतु त्यांच्याकडून अपेक्षा असे ती दोन ओळींमधील एखाद्या चमकदार तुकड्याची. रागाचा संपूर्ण विस्तार त्या वाद्यांनी करावा अशी मागणी तेथे नव्हती.

तंतुवाद्याच्या श्रेष्ठ गुरूनेच तरंगाचा प्रयोग केल्याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर मैहर येथे मिळते. सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ (मृत्यू १९७२) यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अनाथ मुलांना शिकवून वाद्यवृंद उभारला आणि जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून नलतरंग तयार केले. वाई येथे जन्मलेले व्हायोलिनवादक वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनीही या गुरूंकडे काही काळ शिक्षण घेतले होते. नलतरंगावर काय वाजते हे पाहिले असता उपरिनिर्दिष्ट विधानाला पुष्टी मिळते. गुरूच्या सरोदातील आलाप व जोड त्या नळ्यांकडे आले नाहीत. आल्या त्या बांधीव गती. म्हणजे उजवा हात आला, डावा हात सरोदापाशीच राहिला.

४. पेटीचा धडा

पेटी हे आघातवाद्य नाही. तिचा स्वर हवा असेतो टिकतो. परंतु मार्गाची अडचण तिलाही आहे, आणि या अडचणीचा सर्वांत मोठा वाद महाराष्ट्राने तिच्याच निमित्ताने अनुभवला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकाचा जो विस्तार झाला त्यात सारंगीच्या साथीची जागा पेटीने व ऑर्गनने बव्हंशी घेतली. गजाने वाजणारी, गळ्याची सर्वांत जवळची अशी सारंगी मागे पडली आणि स्वरांच्या ठराविक पायऱ्यांचे वाद्य पुढे आले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या रसिक वादकाने पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. गावोगावच्या भजनी मंडळांतही पेटी शिरली. वीणा, टाळ व पखवाज यांच्या जोडीला ती बसू लागली, आणि मराठी कानाला ठराविक स्वरांची सवय जडली.

ही सवय संगीताला मारक आहे असे मानणारा पक्षही प्रबळ होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुती दाखवणारी पेटी तयार करविली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती मांडली गेली. परंतु तेथे जमलेल्या गायक-वादकांचे व शास्त्रज्ञांचे तिच्याविषयी एकमत झाले नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून वगळले. ही बंदी सैल होण्यास १९७० च्या सुमाराची चर्चा व १९७१ साल उजाडावे लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. देवल-क्लेमंट्स यांनी अडचण स्वरस्थानांची आहे असे मानले व पायऱ्यांची संख्या वाढवली. परंतु पायऱ्या बारांच्या बावीस केल्या तरी त्या पायऱ्याच राहतात. दरबारीतील आंदोलित गंधार हा कोमल गंधाराहून थोडा खालचा एक बिंदू असता तर तो पेटीवर दाखवता आला असता. तो बिंदू नसून हालचाल आहे. अधिक अचूक बिंदू दिल्याने रेषा तयार होत नाही. हा धडा पुढे संतूरच्या बाबतीत उपयोगी पडला असे म्हणता येईल.

५. संतूर : मुंबईतील परिवर्तन

संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातील वाद्य. त्यात पंचवीस घोड्यांवर प्रत्येकी चार याप्रमाणे शंभर तारा असत व त्या दोन कलमांनी वाजवल्या जात. या शंभर तारांमुळे संतूर म्हणजेच प्राचीन ‘शततंत्री वीणा’ होय असे मत मांडले गेले आणि ते लोकप्रियही झाले. वैदिक वाङ्मयात शंभर तंतूंच्या ‘वाण’ या वाद्याचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु ‘संतूर’ हे नाव फारसीतून आले असून त्याचा संबंध ग्रीक ‘साल्टेरिऑन’ या शब्दाशी व त्याच्या अरामी रूपाशी जोडला जातो. ‘शत’ आणि ‘सं’ यांतील ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. वाद्याला कुळ मिळवून देण्याची ही धडपड मात्र ऐतिहासिक पुरावा म्हणून महत्त्वाची आहे. ज्या वाद्याच्या अधिकाराविषयी शंका घेतली जाते त्यालाच प्राचीन वंशावळीची गरज भासते.

शिवकुमार शर्मा १९६० मध्ये मुंबईस स्थायिक झाले. तत्पूर्वीच व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात त्यांच्या संतूरचा उपयोग झाला होता. म्हणजे चित्रपटसृष्टीत रंग भरणारे वाद्य म्हणून संतूरलाही स्थान तयार होते. काष्ठतरंग तेथेच राहिले. संतूर तेथून बाहेर पडले. असे का झाले?

याची कारणे तीन दिसतात. पहिले म्हणजे संतूर हे आघाताने वाजत असले तरी तंतुवाद्य आहे. त्याला आस आहे. किंबहुना ती जास्त आहे. एका तारेचा नाद विझण्यापूर्वी दुसरीचा सुरू होतो व दोन्ही मिसळतात. शर्मा यांनी वाद्य लाकडी तिवईवरून उचलून मांडीवर घेतले आणि हा गुंजारव आटोक्यात आणला. दुसरे म्हणजे त्यांनी वाद्याची रचनाच बदलली. तारांची संख्या घटवली, घोड्यांची मांडणी फिरवली आणि तीन सप्तकांचा विस्तार रागवादनास सोयीचा केला. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. कलमाने तारेवर स्पष्ट आघात न करता ती हलकेच तारेवर थरथरत नेण्याची रीत त्यांनी घडवली. त्यामुळे एक स्वर लांबतो आणि पुढच्या स्वराकडे सरकतो आहे असे वाटते. खरी मींड येथे नाही. परंतु दोन स्वरांमधील उडीची कड बोथट झाल्याने श्रोत्याचे मन मधला मार्ग स्वतः भरून काढते.

येथे लिपीचे उदाहरण उपयोगी पडेल. ‘जग’ हा शब्द मराठीत विश्व या अर्थी एका उच्चाराने व ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या उच्चाराने बोलला जातो. देवनागरीत दोहोंना ‘ज’ हे एकच अक्षर आहे. तरीही मराठी वाचकाची गफलत होत नाही. लिपीने जे सोडले ते त्याचे भाषाज्ञान पुरवते. आघातवाद्य हे अशा लिपीसारखे आहे. ते रागाचे बिंदू लिहिते. मधला उच्चार श्रोता करतो.

राग ओळखण्याच्या खुणाही एकाच नसतात. भूप व देसकार यांचे स्वर तेच असूनही गंधारावरचा व धैवतावरचा मुक्काम, पूर्वांग-उत्तरांगाचे प्राबल्य, चलन यांवरून ते निराळे होतात. या साऱ्या खुणा जलतरंगावरही स्पष्ट दाखवता येतात. दरबारी आणि अडाणा यांतही उत्तरांगाच्या प्राबल्याचा भेद आहे. म्हणून आंदोलन नसले तरी दरबारी ओळखू येईल. परंतु ओळखू येणे वेगळे व रसप्रत्यय येणे वेगळे. हंसध्वनी, भूप, कलावती यांसारख्या रागांत बिंदूंनीच बरेच काम भागते. दरबारीत राग ज्या ठिकाणी राहतो तेच ठिकाण लिपीने सोडलेले असते.

मुंबईतच या प्रश्नाला दुसरे उत्तरही मिळाले. संतूरवादक उल्हास बापट (१९५०–२०१८) यांनी सरोदवादक जरीन दारूवाला यांच्याकडे शिक्षण घेतले होते. डाव्या हाताच्या वाद्याचे संस्कार घेऊन आलेल्या या कलावंताने दोन गोष्टी केल्या. बाराही स्वर सलग मिळतील अशी तारांची जुळणी त्यांनी बसवली. त्यामुळे राग बदलताना वाद्य पुन्हा मिळवण्याची गरज उरली नाही. आणि संतूरवर प्रत्यक्ष मींड काढण्याची स्वतःची रीत त्यांनी शोधली. पहिल्या उत्तरात वाद्याची मर्यादा मान्य करून श्रोत्याच्या मनाचे साहाय्य घेतले आहे. दुसऱ्यात मर्यादाच ओलांडण्याचा यत्न आहे. दोन्ही उत्तरे एकाच नगरीत, एकमेकांपासून काही दशकांच्या आत सिद्ध झाली, ही गोष्ट वाद्येतिहासाच्या अभ्यासकाने विशेष नोंदवावयास हवी.

६. मरिंबा आणि बाख

मरिंबाचा इतिहास या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिला असता तुलना अर्थपूर्ण होते. आफ्रिकेतून मध्य अमेरिकेत गेलेल्या या वाद्याला ग्वातेमाला व मेक्सिकोतील चियापास या प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाराही स्वरांची दुहेरी रांग मिळाली. विसाव्या शतकात कारखानदारांनी पट्टीचा मधला भाग खालून कोरून तिचा दुसरा कंप मूळ स्वराच्या बरोबर चौपट, म्हणजे दोन सप्तके वर, आणून बसवला. प्रत्येक पट्टीखाली तिच्या स्वराशी जुळणारी नळी आली. काष्ठतरंगाला ज्याची उणीव होती ते सर्व, म्हणजे मधुर उपस्वर आणि काही आस, येथे पद्धतशीर प्रयत्नाने मिळवले गेले. १९४० मध्ये पॉल क्रेस्टनने व १९४७ मध्ये दारियुस मियो याने या वाद्यासाठी मोठ्या रचना केल्या. जपानच्या केको आबे (जन्म १९३७) यांच्या प्रयत्नांमुळे वाद्याची व्याप्ती पाच सप्तकांपर्यंत गेली.

या परंपरेतील व्हिडा चेनोवेथ (१९२८–२०१८) यांचे चरित्र भाषाभ्यासकांना जवळचे वाटेल. १९५९ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रॉबर्ट कुर्काचा मरिंबा कन्चेर्टो त्यांनी वाजवला. १९६४ मध्ये ग्वातेमालाच्या मरिंबांवर ग्रंथ लिहिला. आणि पुढे पापुआ न्यू गिनीत राहून उसारुफा या भाषेचे व तेथील संगीताचे संशोधन केले. एका ध्वनिव्यवस्थेतील भेद दुसरीत कसे उतरवावयाचे, हाच प्रश्न त्यांनी आधी वाद्यावर व नंतर भाषेत हाताळला असे म्हटल्यास ते अयोग्य होणार नाही.

बाखच्या चेलोसाठीच्या सहा रचना आणि व्हायोलिनसाठीच्या सहा रचना मरिंबावर वाजवताना पहिली, म्हणजे काळाची, अडचण येते. गज स्वर धरून ठेवतो. पट्टी ठेवत नाही. पहिल्या चेलो-रचनेचे आरंभीचे प्रेल्यूड स्वरसंघांचे सुटे स्वर ओळीने मांडीत जाते. तेथे प्रत्येक स्वर पुढच्याला जागा देतो, म्हणून मरिंबावर काहीच हरवत नाही. सावकाश चालीच्या साराबांदमध्ये मात्र लांब स्वर येतात व वादकाला निवड करावी लागते. एकतर त्या स्वरावर दोन काठ्यांचे जलद आघात करून तो लांबवावयाचा, किंवा तो विझू द्यावयाचा व शांततेवर विश्वास ठेवावयाचा. आपल्याकडील झाला व आलाप यांच्यात जो भेद आढळला तोच येथे प्रेल्यूड व साराबांद यांच्यात आढळतो.

परंतु साम्य येथे संपते. दुसरी, मार्गाची, अडचण बाखच्या संगीतात जवळजवळ नाही. ते संगीत स्वरलिपीत सुट्या बिंदूंनीच रचलेले आहे. बाखने स्वतःच व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्तितातील प्रेल्यूड १७३१ मध्ये आपल्या २९ व्या कांतातेत ऑर्गनकडे सोपवले, त्यात रचनेची हानी मानली नाही. म्हणून मरिंबावादकाचा प्रश्न नादाचा आणि अभिरुचीचा आहे. संतूरवादकाचा प्रश्न व्याकरणाचा आहे. कारण त्याच्या संगीतात दोन स्वरांमधील वाट हीच काही ठिकाणी अर्थाची वाहक असते. ‘बाख लाकडावर वाजतो, मग दरबारी का वाजू नये’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने केला तर त्याचे उत्तर येथे सापडते.

७. निष्कर्ष

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. तंतुवाद्यांचे संगीत आघातवाद्यावर जाताना त्यातील उजव्या हाताचा भाग सहज जातो व डाव्या हाताचा भाग मागे राहतो. स्वरस्थानांची संख्या वाढवून ही उणीव भरत नाही, हे श्रुतीच्या पेटीने दाखवले. आस नसलेल्या वाद्याला रागविस्ताराचा अधिकार मिळत नाही, हे काष्ठतरंगाने दाखवले. आस असलेल्या वाद्यावर कलावंताने वाद्य, बैठक व वादनरीती या तिन्ही गोष्टी बदलण्याची तयारी ठेवली तर तो अधिकार मिळवता येतो, हे संतूरने दाखवले.

१९५५ सालच्या आक्षेपकांविषयीही येथे न्याय केला पाहिजे. पुढे संतूर यशस्वी झाले म्हणून त्यांचा आक्षेप चुकीचा ठरत नाही. संतूरवर मींड नव्हती हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यांची चूक एवढीच की हरवलेला भाग श्रोता पुरवू शकतो ही शक्यता त्यांनी गृहीत धरली नाही. परंतु या शक्यतेलाही अट आहे. लिपीने सोडलेला उच्चार तोच वाचक पुरवू शकतो ज्याने ती भाषा आधी ऐकलेली असते. ज्या श्रोत्याने दरबारीचा गंधार गळ्यातून, सारंगीतून किंवा सरोदातून कधी ऐकलाच नाही त्याला संतूरवरचे बिंदू बिंदूच वाटतील. संतूर, जलतरंग आणि पेटी ही वाद्ये ज्या श्रोतृवर्गाच्या आधारावर उभी राहिली तो वर्ग गायकांनी व तंतुवाद्यांनी घडवला होता. त्या वर्गाचे शिक्षण थांबले तर आघातवाद्यांचे काहीच बिघडणार नाही; ती पूर्वीसारखीच वाजत राहतील. बिघडेल ते त्यांच्या दोन आघातांमध्ये आजवर ऐकू येत आलेले संगीत.